पैसे आले, पण विक्री झाली का? सेवा करार आणि अडतीच्या व्यवहारांतील महसुलाचा हिशेब

म्हैसूर, बंदीपूर आणि उटी ही सहल मराठी पर्यटकांच्या आवडीची आहे. मार्चअखेरच्या सहलीचे पैसे पर्यटन कंपनीकडे जानेवारीतच जमा होतात. हे पैसे कंपनीचे उत्पन्न कधी ठरतात? जानेवारीत, सहल निघते त्या दिवशी, की पर्यटक घरी परततात तेव्हा? त्याच सहलीसाठी कंपनीने विमानाची तिकिटे काढून दिली असतील, तर त्या तिकिटांची पूर्ण किंमत कंपनीची विक्री मानायची, की केवळ त्यावरील कमिशन?

हेच प्रश्न म्हैसूरमध्ये मोठे केंद्र असलेल्या माहिती तंत्रज्ञान उद्योगापुढे अब्जावधी रुपयांच्या करारांच्या संदर्भात उभे राहतात. परदेशी ग्राहकासाठी तीन वर्षे चालणाऱ्या कामाचा महसूल कोणत्या वर्षी दाखवायचा? ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर मिळवून दिले, तर ती विक्री कोणाची?

लेखाशास्त्रात या विषयाला महसूल मान्यता असे म्हणतात. नाव रूक्ष असले तरी समभागांचे भाव, कर्मचाऱ्यांचा बोनस, बँकेचे कर्ज आणि सरकारचा कर यांचा हिशेब महसुलाच्या आकड्याशी जोडलेला असतो. सारा विषय दोन प्रश्नांत सामावतो. दिलेले वचन पूर्ण कधी झाले? आणि ते वचन मुळात कोणाचे होते?

मिळालेली रक्कम म्हणजे महसूल नव्हे

घरखर्चाच्या वहीत पैसे आले की जमा आणि गेले की खर्च, एवढा हिशेब पुरतो. कंपनीला ही मुभा नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार कंपन्यांनी आपली हिशेबपुस्तके उपार्जित पद्धतीने ठेवणे बंधनकारक आहे. या पद्धतीत पैसे कधी आले यापेक्षा ते कधी कमावले गेले याला महत्त्व असते.

समजा, पुण्यातील एका पर्यटन कंपनीने ३० जणांकडून प्रत्येकी ४०,००० रुपये, म्हणजे एकूण १२ लाख रुपये जानेवारीत घेतले. सहल २८ मार्चला निघून २ एप्रिलला परतणार आहे. जानेवारीत कंपनीच्या बँक खात्यात १२ लाख रुपये आले. पण महसूल शून्य. त्या दिवशी ही रक्कम ताळेबंदात देणे म्हणून दिसेल, कारण कंपनी पर्यटकांना सहल देणे लागते.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते तेव्हा सहा दिवसांपैकी चार दिवस झालेले असतात. सेवा दररोज सारख्याच प्रमाणात दिली जाते असे मानल्यास ८ लाख रुपये सरत्या वर्षाचा महसूल ठरतात आणि उरलेले ४ लाख पुढील वर्षाचा. खर्चाचीही विभागणी त्याच रीतीने होते.

वर्षभराच्या देखभाल कराराचेही तसेच आहे. कार्यालयातील यंत्राच्या देखभालीसाठी १ जानेवारीला २४,००० रुपये एकरकमी घेतले, तर ३१ मार्चपर्यंत केवळ ६,००० रुपये कमावले गेले. उरलेले १८,००० रुपये अद्याप न दिलेल्या सेवेचे आहेत. पूर्ण रक्कम त्याच वर्षी महसूल म्हणून दाखवणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा प्रकार होईल.

नियम कोणते?

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १९८५ मध्ये एएस ९ हे महसुलाविषयीचे लेखा मानक काढले. सेवेचा महसूल मोजण्याच्या दोन पद्धती त्यात होत्या. एक, काम जसजसे होईल त्या प्रमाणात महसूल दाखवणे. दुसरी, काम पूर्ण किंवा जवळपास पूर्ण झाल्यावर दाखवणे. दलालीच्या व्यवहारात केवळ कमिशन हाच महसूल, हेही त्या मानकात स्पष्ट होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मे २०१४ मध्ये आयएफआरएस १५ हे नवे मानक जाहीर झाले. त्याच धर्तीवर केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०१८ मध्ये इंड एएस ११५ अधिसूचित केले आणि ते १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. मुख्य शेअर बाजारात नोंदणी असलेल्या किंवा २५० कोटी रुपयांहून अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना प्रामुख्याने हे मानक लागू आहे. लहान कंपन्यांसाठी एएस ९ कायम राहिले.

नव्या मानकात पाच पायऱ्या आहेत. प्रथम ग्राहकाशी करार झाला आहे का, हे पाहायचे. त्या करारात कोणकोणती स्वतंत्र वचने दिली आहेत, हे ओळखायचे. मग एकूण किंमत ठरवायची, ती किंमत त्या वचनांमध्ये वाटायची आणि शेवटी जे वचन पूर्ण होईल त्याच्या वाट्याचा महसूल मान्य करायचा.

किंमत ठरवणे वाटते तितके सोपे नसते. काम वेळेत न झाल्यास दंड, मुदतीआधी झाल्यास बक्षीस, ठराविक उलाढालीनंतर सूट, अशा अटी करारात असतात. अशा रकमेचा अंदाज करावा लागतो आणि जो महसूल पुढे मागे घ्यावा लागणार नाही याची दाट शक्यता असेल, तेवढाच धरता येतो.

किमतीच्या वाटणीसाठी एक उदाहरण पाहता येईल. एखाद्या कंपनीने सॉफ्टवेअरचा परवाना, त्याची उभारणी आणि तीन वर्षांची देखभाल एकत्रितपणे ९० लाख रुपयांना दिली. वेगवेगळ्या विकल्या असत्या, तर त्यांच्या किमती अनुक्रमे ३०, ५० आणि २० लाख, म्हणजे एकूण १ कोटी झाल्या असत्या. एकत्रित किमतीवरील १० टक्के सूट तिन्ही भागांत त्याच प्रमाणात वाटली, की त्यांच्या वाट्याला २७, ४५ आणि १८ लाख येतात. परवान्याचे २७ लाख सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क ग्राहकाला मिळताच, उभारणीचे ४५ लाख काम होईल तसे आणि देखभालीचे १८ लाख तीन वर्षांत समान विभागून महसुलात येतील. मात्र ग्राहकाच्या गरजेनुसार सॉफ्टवेअरच मोठ्या प्रमाणावर बदलून द्यायचे असेल, तर परवाना आणि उभारणी ही दोन वचने राहत नाहीत. ते एकच काम ठरते आणि परवान्याचा महसूल आधी दाखवण्याची वाट बंद होते.

काम किती झाले, हे कसे मोजतात?

प्रत्येक सेवेचा महसूल कामाच्या ओघात दाखवता येत नाही. त्यासाठी पुढील तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. सेवा दिली जात असतानाच ग्राहक तिचा लाभ घेत असावा, उदाहरणार्थ सुरक्षा रक्षक किंवा सफाई सेवा. अथवा ग्राहकाच्या ताब्यातील वस्तूवर काम चालू असावे, उदाहरणार्थ त्याच्या जमिनीवरील बांधकाम. किंवा तयार होणारी गोष्ट दुसऱ्या कोणाला उपयोगाची नसावी आणि मध्येच करार मोडल्यास झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा हक्क सेवा देणाऱ्याकडे असावा. यातील एकही अट लागू नसेल, तर काम ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत महसूल दाखवता येत नाही.

सॉफ्टवेअर उद्योगात करारांचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. पहिल्यात अभियंत्यांनी दिलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. येथे हिशेब सरळ असतो. जेवढे तास काम झाले तेवढा महसूल. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण कामाची किंमत आधीच ठरलेली असते. खरी कसोटी येथे लागते.

समजा, ठराविक किमतीचा करार १२ कोटी रुपयांचा आहे आणि पूर्ण कामाला ८ कोटी खर्च येईल असा अंदाज आहे. ३१ मार्चपर्यंत ३ कोटी खर्च झाला. याचा अर्थ ३७.५ टक्के काम झाले आणि ४.५ कोटी रुपये महसूल ठरला. ग्राहकाला पाठवलेल्या बिलाची रक्कम वेगळी असू शकते. तोवर ६ कोटींचे बिल देऊन पैसे घेतले असतील, तर जादा १.५ कोटी रुपये न कमावलेला महसूल, म्हणजेच देणे होते. बिल केवळ ३ कोटींचे गेले असेल, तर १.५ कोटी रुपये बिल न केलेला महसूल म्हणून मालमत्तेच्या बाजूला दिसतात.

आता अंदाज बदलून पाहू. काम अपेक्षेपेक्षा अवघड निघाले आणि एकूण खर्च ८ नव्हे, १० कोटी होईल असे दिसले. झालेला खर्च तोच, ३ कोटी. पण पूर्ण झालेले काम ३० टक्क्यांवर आले आणि महसूल ३.६ कोटींवर. त्या वर्षात अभियंत्यांनी केलेले काम, ग्राहकाने दिलेले पैसे आणि झालेला खर्च यांपैकी काहीही बदलले नाही. तरीही ९० लाख रुपयांचा महसूल आणि तेवढाच नफा नाहीसा झाला.

खर्चाचा अंदाज १३ कोटींवर गेला, तर करारात १ कोटीचा तोटा आहे हे उघड होते. अशा वेळी काम पूर्ण होण्याची वाट न पाहता पूर्ण तोट्याची तरतूद लगेच करावी लागते. नफा कामाच्या गतीने आणि अपेक्षित तोटा तत्काळ, असा हा नियम आहे.

नेमका येथेच मोह असतो. अवघड कामाचा खर्च कमी दाखवला, की चालू वर्षाचा महसूल वाढतो. म्हणूनच लेखापरीक्षक अशा करारांतील अंदाज बारकाईने तपासतात. जुने अंदाज आणि प्रत्यक्षातील खर्च यांची तुलना करतात.

म्हैसूरमधील केंद्र आणि इन्फोसिसचा हिशेब

१९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे बंगळूरला गेलेली इन्फोसिस ही कंपनी म्हैसूरमध्ये मोठे शिक्षण केंद्र चालवते. महाराष्ट्रातील अनेक तरुण अभियंत्यांच्या नोकरीची सुरुवात याच केंद्रातील प्रशिक्षणाने झाली आहे. महसूल मान्यतेच्या दृष्टीने हे केंद्र एक बोलके उदाहरण आहे. प्रशिक्षणार्थींच्या वेतनावर, निवासावर आणि शिक्षणावर होणारा खर्च त्या त्या वर्षी खर्च म्हणूनच लिहावा लागतो. नव्या कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण शिक्षणाचा खर्च एखाद्या ग्राहकाच्या करारात घालून काम पुढे सरकल्याचे दाखवता येत नाही. हे अभियंते ग्राहकाच्या कामावर रुजू झाल्यावर महसूल सुरू होतो.

कंपनीच्या वार्षिक अहवालांत महसुलाचे धोरण दिलेले असते. तासांवर आधारित करारांचा महसूल सेवा दिली जाईल तसा, ठराविक किमतीच्या विकासकामांचा महसूल पूर्णत्वाच्या टक्केवारीनुसार आणि देखभालीचा महसूल मुदतीवर समान विभागून, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ठराविक किमतीच्या करारांतील अंदाज हा लेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात विशेष दखल घेतलेला विषय आहे.

हा विषय ऑक्टोबर २०१९ मध्ये अचानक चर्चेत आला. अल्पकालीन महसूल आणि नफा वाढवून दाखवण्यासाठी चुकीच्या पद्धती वापरल्याचा आरोप करणारी निनावी पत्रे कंपनीच्या व्यवस्थापनाविरुद्ध आली होती. ही बातमी बाहेर आल्यावर २२ ऑक्टोबर २०१९ या एका दिवसात समभागाचा भाव सुमारे १६ टक्के घसरला. लेखापरीक्षण समितीने बाहेरील तज्ज्ञांच्या मदतीने चौकशी केली आणि आर्थिक गैरव्यवहाराचा पुरावा आढळला नसल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. अमेरिकेच्या रोखे नियामकाने आपली चौकशी पूर्ण केली असून पुढील कारवाईची अपेक्षा नसल्याचे कंपनीने मार्च २०२० मध्ये कळवले. आरोप टिकले नाहीत. पण महसुलाच्या आकड्याविषयी शंका आली, तर बाजार किती वेगाने विश्वास काढून घेतो हे त्या दिवशी दिसले.

अडत: विक्री कोणाची?

दुसरा प्रश्न मराठी व्यापाराला नवा नाही. शेतकरी पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटो पाठवतो. अडत्या तो माल विकतो आणि शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी देतो. माल ५०,००० रुपयांना गेला आणि अडत ३,००० रुपये झाली, तर अडत्याचे उत्पन्न ३,००० रुपयेच. उरलेली रक्कम त्याच्या हातून गेली, पण ती त्याची नव्हती. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. अडत देणारा बदलला. मात्र अडत्याचा महसूल अडत एवढाच राहिला.

प्राप्तिकर खात्यानेही हा भेद जुन्या काळापासून मानला आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ मध्ये कच्चा अडत्या आणि पक्का अडत्या असा फरक स्पष्ट केला. कच्चा अडत्या केवळ दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करतो. त्यामुळे लेखापरीक्षणाच्या मर्यादेसाठी त्याची उलाढाल म्हणजे केवळ त्याची अडत. पक्का अडत्या स्वतःच्या जबाबदारीवर व्यवहार करतो, म्हणून त्याची पूर्ण विक्री उलाढालीत धरली जाते.

इंड एएस ११५ हाच विचार अधिक काटेकोरपणे मांडते. वस्तू किंवा सेवा ग्राहकाकडे जाण्यापूर्वी तिच्यावर नियंत्रण कोणाचे होते, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे. नियंत्रण असलेला तो मालक-विक्रेता. त्याने पूर्ण रक्कम महसूल म्हणून दाखवावी. केवळ व्यवहार जुळवून देणारा तो प्रतिनिधी. त्याने कमिशनच दाखवावे. नियंत्रण ओळखण्यासाठी तीन खुणा सांगितल्या आहेत. ग्राहकाला वचन पाळून देण्याची मुख्य जबाबदारी कोणाची? माल पडून राहिला किंवा परत आला तर नुकसान कोणाचे? आणि किंमत ठरवण्याची मोकळीक कोणाला? बिल कोणाच्या नावाने निघाले किंवा पैसे कोणाच्या खात्यात आले, एवढ्यावरून निर्णय होत नाही.

म्हैसूरची अगरबत्ती मुंबईतील दुकानात जांगड म्हणून ठेवली असेल, तर हीच कसोटी लागू होते. न विकलेला माल परत करण्याची मुभा असेल आणि विक्री होईपर्यंत माल उत्पादकाच्याच मालकीचा असेल, तर दुकानात पेट्या उतरल्याने उत्पादकाची विक्री होत नाही. ग्राहकाने खरेदी केल्यावरच ती होते आणि दुकानदाराच्या वहीत केवळ कमिशन येते. वर्षअखेरीस जांगड माल पाठवून विक्री वाढल्याचे दाखवणे म्हणूनच नियमांत बसत नाही.

पर्यटन कंपनीकडे परत येऊ. सहलीतील हॉटेल, बस, जेवण आणि मार्गदर्शक यांची सांगड कंपनी स्वतः घालते, किंमत ठरवते आणि म्हैसूरच्या हॉटेलात खोली मिळाली नाही तर पर्यटक तिलाच जाब विचारतो. त्यामुळे सहलीची पूर्ण रक्कम तिचा महसूल ठरते. त्याच पर्यटकांना तिने ३ लाख रुपयांची विमान तिकिटे काढून दिली आणि ९,००० रुपये कमिशन मिळाले, तर महसूल ९,००० रुपयेच. विमान उडवण्याचे वचन विमान कंपनीचे आहे.

दादर-म्हैसूर गाडीचे तिकीट

रेल्वेच्या तिकिटात हा फरक अगदी ठळक दिसतो. दादर-म्हैसूर शरावती एक्सप्रेसचे तिकीट संकेतस्थळावरून काढले, की प्रवासी पूर्ण भाडे आयआरसीटीसीकडे भरतो. पण गाडी चालवण्याचे वचन रेल्वेचे असते, भाडे रेल्वे ठरवते आणि रिकाम्या आसनाचे नुकसानही रेल्वेचेच. त्यामुळे भाडे हा रेल्वेचा महसूल आणि आयआरसीटीसीचा महसूल तिचे सुविधा शुल्क. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दरांनुसार हे शुल्क वातानुकूलित वर्गासाठी तिकिटामागे ३० रुपये आणि अन्य वर्गांसाठी १५ रुपये अधिक कर, तर यूपीआयने पैसे भरल्यास अनुक्रमे २० आणि १० रुपये असे होते. हजारो रुपयांच्या तिकिटामागे कंपनीचे स्वतःचे उत्पन्न एवढेच. याउलट कंपनी 'रेल नीर' हे बाटलीबंद पाणी तयार करून विकते, तेव्हा ती स्वतःच्या मालाची विक्री असते.

कमिशन हाच ज्याचा महसूल, त्याच्यासाठी कमिशनच्या वाटणीचा निर्णय किती नाजूक असतो हे ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. सुविधा शुल्कातील निम्मा वाटा रेल्वेला द्यावा लागणार असल्याचे २८ ऑक्टोबरला जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी समभाग कोसळला आणि त्याच दिवशी रेल्वे मंत्रालयाने निर्णय मागे घेतला.

अमेरिकेतील ग्रुपॉन या सवलत कूपन विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण जगभर दिले जाते. समभाग विक्रीच्या तयारीत असताना तिने २०१० चा महसूल ७१ कोटी ३४ लाख डॉलर दाखवला होता. कूपनवर सेवा देणारे उपाहारगृह किंवा दुकान वेगळेच होते आणि ग्राहकाने दिलेल्या रकमेचा मोठा वाटा त्यांना जात होता. सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने हिशेब बदलून केवळ स्वतःचा वाटा धरला, तेव्हा त्याच वर्षाचा महसूल ३१ कोटी २९ लाख डॉलरवर आला. नफा-तोट्यात त्यामुळे फरक पडला नाही. कंपनीचा आकार मात्र निम्म्याहून कमी झाला.

दोन कार्यालयांची तुलना केली, तर हे अधिक स्पष्ट होते. दोघांनीही ग्राहकांकडून १ कोटी रुपये घेतले आणि ८ लाख रुपये स्वतःकडे राहिले. पहिले मालक-विक्रेता आहे. त्याचा महसूल १ कोटी आणि नफ्याचे प्रमाण ८ टक्के. दुसरे प्रतिनिधी आहे. त्याचा महसूल ८ लाख. हाती उरलेली रक्कम सारखी असूनही पहिले बारापटीहून मोठे भासते. ऑनलाइन बाजारपेठांच्या एकूण विक्रीमूल्याचे भव्य आकडे वाचताना हे लक्षात ठेवणे उपयोगी ठरते.

चुकीच्या आकड्याची किंमत

बंगळूरच्या बायजूज या शिक्षण कंपनीचे २०२०-२१ चे हिशेब मोठ्या विलंबानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये समोर आले. त्या वर्षी ४,५८८ कोटी रुपयांचा तोटा झाला होता. अभ्यासक्रम अनेक महिने चालतो आणि शुल्क अनेकदा हप्त्यांनी येते, म्हणून महसूल त्या कालावधीत विभागण्याची पद्धत लागू केल्याने त्याचा मोठा भाग पुढील वर्षांत गेला, असे कंपनीने सांगितले होते. जुलै २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिच्या पडझडीची कारणे अनेक होती. परंतु आगाऊ शुल्क आणि कमावलेला महसूल यांतील अंतर त्या हिशेबांनी प्रथमच ठळकपणे दाखवले.

सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण याहून वेगळे आणि गंभीर होते. तेथे अंदाज चुकला नव्हता. महसूलच बनावट होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे कबुली दिली. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत दाखवलेला महसूल २,७०० कोटी रुपये होता, प्रत्यक्षात तो २,११२ कोटी होता. त्या पत्रानंतर हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी आणि असंख्य लहान गुंतवणूकदारांची बचत टांगणीला लागली.

कर आणि बँकेचा हिशेब वेगळा

एकाच व्यवहाराचे आकडे वेगवेगळ्या कागदांवर वेगळे दिसू शकतात. वस्तू व सेवा कर कायद्यात सेवेसाठी आगाऊ रक्कम मिळाली, की त्यावर कर देय होतो. त्यामुळे जानेवारीत घेतलेले सहलीचे १२ लाख रुपये कराच्या विवरणपत्रात त्याच वेळी येतात, तर हिशेबपुस्तकांत महसूल मार्च आणि एप्रिलमध्ये येतो. प्राप्तिकरासाठी आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून उत्पन्न मोजणीची स्वतंत्र मानके लागू झाली. त्यांत सेवेचा महसूल सर्वसाधारणपणे काम होईल त्या प्रमाणात धरला जातो. तीन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच गैरव्यवहाराचा संशय घेणे योग्य नाही. पण फरकाचे कारण कागदोपत्री मांडता आले पाहिजे.

लहान व्यावसायिकासाठी बँकेचा प्रश्न अधिक जवळचा असतो. लघुउद्योगांना खेळत्या भांडवलाचे कर्ज देताना नायक समितीच्या पद्धतीनुसार अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के मर्यादा धरली जाते. कमिशनवर चालणाऱ्या एजंटाने हातून गेलेली सारी रक्कम उलाढाल म्हणून दाखवली, तर कागदावर त्याची कर्जमर्यादा फुगते. परतफेड मात्र कमिशनमधूनच करावी लागते.

वाचकाने काय पाहावे?

वार्षिक अहवाल हाती घेणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला काही गोष्टी सहज तपासता येतात. लेखा धोरणांच्या टिपणीत महसूल कामाच्या ओघात दाखवला आहे की एकदम, हे लिहिलेले असते. कंपनी पूर्ण रक्कम दाखवते की कमिशन, हेही तेथेच कळते. एका वर्षात ही पद्धत बदलली असेल, तर मागील वर्षाशी तुलना करताना सावध राहावे.

बिल न केलेला महसूल विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर त्याचे कारण शोधावे. काम झाले पण ग्राहक ते मान्य करत नाही, अशी शक्यता त्यामागे असू शकते. आगाऊ मिळालेल्या रकमांचे देणे अचानक घटले असेल, तर नव्या मागण्या कमी झाल्या, की महसूल लवकर दाखवला गेला, हे पाहावे. वर्षानुवर्षे नफा दिसतो पण व्यवसायातून रोकड येत नाही, ही खूण सर्वात महत्त्वाची.

छोट्या व्यावसायिकासाठी याहून सोपा मार्ग आहे. करार करतानाच कोणते काम, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या रकमेचे आणि काम मध्येच थांबल्यास किती पैसे द्यायचे, हे लिहून घ्यावे. दुसऱ्याच्या वतीने घेतलेली रक्कम स्वतंत्र खात्यात दाखवावी. वर्षअखेरीस अपूर्ण कामांची यादी करावी. एवढे केले, तरी हिशेबातील बहुतेक वाद उद्भवण्यापूर्वीच मिटतात आणि ३१ मार्चला हाती असलेल्या पैशांपैकी आपले किती आणि ग्राहकाचे देणे किती, हे मालकाला नेमके कळते.